पाठीराखे, पंडित आणि विसावा क्रमांक

ऑगस्ट उजाडला की इंग्लंडमधली वर्तमानपत्रे एक यादी छापतात. प्रीमियर लीगमधले वीस संघ, एक ते वीस अशा क्रमाने, आणि प्रत्येकाच्या नावाखाली पाच-सात ओळी. पुढच्या मे महिन्यात गुणतक्ता कसा दिसेल, याचे हे भाकीत असते. अजून एकही सामना झालेला नसतो, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजारही उघडा असतो. तरीही यादी निःशंक असते. अठरा, एकोणीस आणि वीस या क्रमांकांवर ज्यांची नावे पडली, त्या गावांत मग आठवडाभर दुसरा विषय नसतो.

ही यादी आणि तिच्यावरची पाठीराख्यांची प्रतिक्रिया हा एक जोड-वाङ्मयप्रकार मानावा आणि त्याची चिकित्सा करावी, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. यादीला साहित्य म्हणायचे कारण नाही. पण तिला साचा आहे, ठराविक शब्दकळा आहे, ठरलेला मुहूर्त आहे आणि दरवर्षी तेवढ्याच उत्साहाने रागावणारा वाचकवर्ग आहे. पुष्कळ प्रतिष्ठित वाङ्मयप्रकारांना एवढे भाग्य लाभत नाही.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटायला नको. दिवाळी अंकाच्या अखेरच्या पानांवर वार्षिक राशिभविष्य असतेच. (हाच अंक मागच्या पानांपासून वाचायला घेणारे काही जण असतील, त्यांना मी दोष देणार नाही.) पण दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. आपला ज्योतिषी कोणालाच शेवटचा ठरवत नाही. साडेसातीतल्या माणसालाही तो वर्षाच्या उत्तरार्धात दिलासा देतो, निदान एखादा उपाय सुचवतो. बारा राशींचा गुणतक्ता लावण्याची सक्ती त्याच्यावर नाही. क्रीडापत्रकारावर ती आहे. वीसपैकी तीन संघ खालच्या श्रेणीत जाणारच असतात, तेव्हा त्याला तीन नावे लिहावीच लागतात. कोणाविषयी त्याच्या मनात आकस नसला तरी विसावी ओळ रिकामी ठेवता येत नाही. त्यामुळे पाठीराख्याला जो अपमान वाटतो, त्यातला मोठा भाग खरे तर अंकगणिताचा असतो.

शिवाय ही भाकिते मूर्खपणाची नसतात, हेही मान्य करायला हवे. मागच्या वर्षीचा क्रमांक, पगारावरचा खर्च आणि संघ नुकताच वर चढून आलेला आहे काय, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी तळाचा अंदाज बराचसा बांधता येतो. २०२३-२४ च्या मोसमात वर आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी खाली गेले. २०२४-२५ मध्ये नव्याने आलेल्या तिघांचेही तेच झाले. त्या दोन वर्षी ज्याने डोळे मिटून नवागतांना तळाशी लिहिले, तो द्रष्टा ठरला. म्हणून पाठीराख्यांचा संताप ‘भाकीत खोटे आहे’ म्हणून असतो, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. भाकीत खरे ठरण्याची शक्यता त्यांना पंडितापेक्षा जास्त ठाऊक असते. बचावपटूचा गुडघा कधीपासून दुखतो आहे, गोलरक्षक उंच चेंडूला कसा कचरतो, हे त्यांनी पावसात उभे राहून पाहिलेले असते. आपापसात बोलताना ते पंडितापेक्षा दसपट निराश असतात.

मग राग कशाचा? याचे उत्तर इंग्रजीपेक्षा मराठीत चांगले देता येते. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंना मिळून एकच सर्वनाम आहे. मराठीने ऐकणाऱ्याला आत घेणारे आणि बाहेर ठेवणारे असे दोन शब्द राखले. पाठीराखे एकमेकांत म्हणतात ते ‘आपण यंदा जाणार खड्ड्यात’. तेच वाक्य पंडिताने उच्चारले की उत्तर येते ते ‘आम्ही कुठे जाणार ते तू सांगू नकोस’. घरातल्या माणसाने घरातल्याची उणीदुणी काढावीत, शेजाऱ्याने काढू नयेत, या जुन्या नियमाचेच हे रूप आहे. पाठीराखा नैराश्यावर हक्क सांगत असतो, आणि तो हक्क त्याने तिकिटाचे पैसे भरून मिळवलेला असतो. ‘पंडित’ हा शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि तिथे आता दूरचित्रवाणीवर बसून मते देणाऱ्याला लावला जातो. ‘पाठीराखा’ मात्र तिकडे गेला नाही. पाठ राखणारा. ज्याची पाठ राखायची तो समोर तोंड करून उभा असतो आणि राखणाऱ्याला त्याच्या चुका मागून स्पष्ट दिसतात, एवढा अर्थ या शब्दात आहे.

जे. बी. प्रीस्टलीच्या ‘द गुड कंपॅनियन्स’ या १९२९ च्या कादंबरीच्या आरंभी ब्रडर्सफोर्ड नावाच्या काल्पनिक लोकरगिरणीच्या गावात फुटबॉलचा सामना सुटतो आणि रस्ता टोप्या घातलेल्या पुरुषांनी भरून वाहू लागतो. तिथे लेखकाने एक फार नेमके निरीक्षण केले आहे. एक शिलिंग देऊन आत गेलेला गिरणीकामगार एकाच वेळी समीक्षक होतो आणि पक्षकारही होतो. बारकाव्यांचा निवाडा करणारा आणि त्याच वेळी निकालाने काळीज हलणारा. आपल्या समीक्षेत तटस्थता आणि तादात्म्य यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे; एकाच माणसात दोन्ही कशी नांदतात, याचे इतके स्वस्त, शिलिंगभराचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही. यादी लिहिणाऱ्या पंडिताने यातले एक अंग ठेवले आहे आणि दुसरे काढून टाकले आहे. पाठीराख्याला त्याच्यात जे खुपते ते हे अर्धेपण.

प्रीस्टली ब्रॅडफर्डचा. आणि या विषयातले मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरणही योगायोगाने ब्रॅडफर्डचेच आहे.

ब्रॅडफर्ड सिटी हा क्लब १९९९ च्या मे महिन्यात सर्वोच्च श्रेणीत आला, तो ७७ वर्षांनी. हा क्लब निव्वळ खेळाच्या सुखदुःखांवर वाढलेला नाही. ११ मे १९८५ रोजी, तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद साजरे करायला जमलेल्या गर्दीतच त्याच्या व्हॅली परेड मैदानावरच्या लाकडी प्रेक्षागृहाला आग लागली आणि ५६ माणसे गेली. त्यानंतर चौदा वर्षांनी तो वर आला तेव्हा त्याला तळाशी लिहिणे सर्वांनाच सोपे होते. संघात वय झालेले, इतरांनी सोडून दिलेले खेळाडू होते, पैसा बेताचा होता. रॉडनी मार्श हा १९७० च्या दशकातला नामांकित आघाडीपटू तेव्हा दूरचित्रवाणीवर पंडित होता. त्याने ब्रॅडफर्ड खाली जाणार असे सांगितले आणि ते तगले तर मी डोके भादरून घेईन असेही जाहीर केले.

पंडिताने असे काही पणाला लावणे दुर्मीळ असते. यादी छापणाऱ्याला भाकीत चुकले तर काहीच भरावे लागत नाही; मे महिन्यात ती यादी कोणी काढून पाहत नाही, पाहिली तर हसण्यावारी नेता येते. मार्शने केस तरी पणाला लावले. १४ मे २००० रोजी, शेवटच्या दिवशी, घरच्या मैदानावर लिव्हरपूलविरुद्ध डेव्हिड वेदरॉलने हेडरने केलेला गोल ब्रॅडफर्डने अखेरपर्यंत जपला. १-० असा विजय, ३६ गुण, सतरावा क्रमांक. विंबल्डनचा संघ चौदा वर्षांनी खाली गेला. आणि मार्शने शब्द पाळला. व्हॅली परेडच्या मधोमध, मैदानातल्या वर्तुळात बसून त्याने केस उतरवून घेतले. कथा इथे थांबली असती तर भाकीत-वाङ्मयातली ती आदर्श बोधकथा झाली असती, आणि पुष्कळ जण ती इथेच थांबवतात.

मला तिचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. भाकीत खोटे पाडल्याच्या धुंदीत क्लबच्या अध्यक्षांनी २००० च्या उन्हाळ्यात हात सैल सोडला. इटालियन आघाडीपटू बेनितो कार्बोनेसारख्या खेळाडूंना त्या गावाला न पेलणारे पगार कबूल केले गेले. पुढे स्वतः अध्यक्षांनीच त्या काळाला सहा आठवड्यांचा वेडेपणा म्हटले. दुसऱ्या वर्षी संघ २६ गुण मिळवून तळाला गेला. २००२ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली आला. २००७ पर्यंत तो चौथ्या श्रेणीत पोहोचला होता. आणखी एक गंमत अशी की, त्या शेवटच्या दिवशी लिव्हरपूल जिंकले असते तर तिसरा क्रमांक त्यांचा होता. ते हरल्यामुळे तो लीड्सला मिळाला, म्हणजे ब्रॅडफर्डच्या शेजारच्या, नावडत्या गावाला. आणि त्यासोबत चॅम्पियन्स लीगचे दार उघडले. लीड्सनेही त्या दारातून आत जाऊन ऐपतीबाहेर खर्च केला, २००१ मध्ये युरोपात उपांत्य फेरी गाठली आणि २००४ मध्ये ते खाली गेले. एका हेडरने दोन गावांची डोकी फिरवली, असे म्हणायला हरकत नाही.

मार्शचे भाकीत खरे ठरले असते तर ब्रॅडफर्ड कदाचित एक श्रेणी खाली, पण शाबूत राहिले असते. पाठीराख्यांना हे सांगून पाहावे. ते ऐकून घेणार नाहीत आणि मला वाटते त्यांचे बरोबर आहे. मैदानातला तो विजय त्यांचा होता. त्या विजयावर कर्ज काढण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. पंडित संघाचे भविष्य सांगतो आणि पाठीराखा त्याच्याशी भांडतो, तेव्हा क्लबचे भविष्य तिसऱ्याच खोलीत ठरत असते.

यादीवर आलेल्या कोणत्याही रागाच्या शेवटी हल्ली एक नाव हटकून येते: लेस्टर. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या विजेतेपदाचा भाव एकास पाच हजार होता आणि २ मे २०१६ रोजी ते विजेते झाले. या एका उदाहरणाने भाकीत-समीक्षेचे नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. एक तर पाच हजार हा काही मोजूनमापून काढलेला अंदाज नव्हता. जे घडणारच नाही असे गृहीत आहे त्याला लावलेली ती गमतीची किंमत होती. दुसरे असे की, त्या वर्षीच्या निराशेला सबळ आधार होता. आदल्या मोसमात लेस्टर नाताळात तळाशी होते आणि अखेरच्या नऊपैकी सात सामने जिंकून कसेबसे चौदावे आले. (मार्च २०१५ मध्ये राजा तिसरा रिचर्ड याच्या अस्थी लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरल्या आणि त्यानंतर विजय सुरू झाले, असा कार्यकारणभाव गावकऱ्यांनी हसत हसत लावला. वर्षफल सांगणाऱ्या कोणाही शास्त्र्याला तो मान्य व्हावा.) मग ज्याने संघ वाचवला तो प्रशिक्षक काढला गेला आणि त्या जागी क्लाउदिओ रानिएरी आला. ग्रीसच्या राष्ट्रीय संघाने त्याला आदल्या नोव्हेंबरात, फॅरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरल्यावर, घालवले होते.

या नेमणुकीवरचा सर्वांत गाजलेला नापसंतीचा उद्गार गॅरी लिनेकरचा होता, आणि त्यातला विरोधाभास लोक विसरतात. लिनेकर स्टुडिओत बसणारा पंडित खराच. पण तो जन्माने लेस्टरचा, त्याच क्लबात वाढलेला खेळाडू, आणि या शतकाच्या आरंभी क्लब आर्थिक संकटात असताना त्याला वाचवणाऱ्यांपैकी एक. म्हणजे लेस्टरविषयीची सर्वांत प्रसिद्ध निराशा घरातलीच होती, ‘आपण’मधली होती. त्याने नंतर संघ जिंकला तर अंतर्वस्त्रांत कार्यक्रम सादर करीन असे म्हटले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तसे केलेही. लोक त्याच्यावर हसले, चिडले नाहीत. मार्शचे केस उतरले तेव्हाच्या हसण्यात वसुली होती. लिनेकरच्या वेळी ती नव्हती.

त्याहून मला भावते ती लेस्टरच्या पाठीराख्यांची विनोदबुद्धी. संघ तक्त्याच्या शिखरावर असताना ते मैदानात, आपण यंदा श्रेणी टिकवतो आहोत, असे गाणे म्हणत होते. रानिएरीही चाळीस गुणांचेच लक्ष्य सांगत राहिला. भाकिताला उत्तर म्हणून त्यांनी भाकीतच अंगावर पांघरले. एरवी ही गाणी उलट्या प्रसंगी ऐकू येतात: संघ पाच गोलांनी मागे असताना, आपण किती वाईट आहोत याचा गजर करणारी. जो अपमान बाहेरून येणार आहे तो आधीच स्वतःच्या तोंडाने, सुरात म्हणून टाकायचा. मग पंडिताकडे म्हणण्यासारखे काही उरत नाही.

डर्बी काउंटीच्या २००७-०८ च्या मोसमात याचा कस लागला. एका सट्टेकंपनीने सप्टेंबरमध्येच त्यांच्या घसरणीवर पैसे लावणाऱ्यांना रक्कम देऊन टाकली. म्हणजे भाकिताला निकालाचा दर्जा दिला. भाकीत अचूक निघाले. अडतीस सामन्यांत एक विजय, अकरा गुण, मार्च संपण्यापूर्वी घसरण निश्चित. पण घरच्या सामन्यांना सरासरी बत्तीस हजारांवर माणसे येत राहिली. समीक्षेला इथे पेच पडतो. निकाल ठाऊक असताना, तोही वाईट, माणूस पुढचे आठ महिने का येतो? नाटकाला आपण शेवट माहीत असूनही जातो हे उत्तर पुरत नाही, कारण नाटक चांगले असते. डर्बीचा खेळ चांगला नव्हता. मला वाटते, ते निकालासाठी येतच नव्हते. शनिवारी शेजारच्या खुर्चीवर जो बसतो त्याच्यासाठी येत होते.

या निराशेला साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली ती निक हॉर्नबीच्या ‘फीवर पिच’ने. १९९२ मध्ये, म्हणजे प्रीमियर लीग सुरू झाली त्याच वर्षी ते आले. सामन्यांच्या तारखांवर आयुष्य टांगण्याची त्याची रचना आणि स्वतःवर हसण्याची रीत नंतर असंख्यांनी उचलली. पुस्तक मोठे आहे यात वाद नाही. पण त्यातली निराशा आर्सेनलची आहे, आणि आर्सेनल १९१९ पासून सर्वोच्च श्रेणीतून एकदाही खाली गेलेले नाही. विजेतेपद न मिळण्याचे दुःख आणि क्लबच न उरण्याची भीती यांना हॉर्नबीनंतरच्या लेखनाने एकाच शब्दात बसवले. सुखवस्तू घरातल्या कवीचे दारिद्र्यकाव्य वाचताना जी शंका येते, तीच मला या परंपरेविषयी येते.

ही भीती पुण्याच्या वाचकाला जवळून पाहता यावी. १८८८ च्या फुटबॉल लीगचा संस्थापक सदस्य आणि १९९५ चा विजेता ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली गेला. घसरण निश्चित झाली त्या सामन्यात पाठीराख्यांनी मैदानात एक कोंबडी सोडली होती. मालकांचा धंदा कुक्कुटपालनाचा, त्यामुळे या प्रतीकाला भाष्य लागले नाही. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला आणि वर्षभराने परत आला. या सबंध काळात ब्लॅकबर्नचे लोक पंडितांपेक्षा अधिक काळवंडलेले होते, आणि त्यांचा राग यादीकडून मालकीकडे सरकला होता. आपल्या वर्तमानपत्रांत तेव्हा एका मराठी शहराने इंग्लिश क्लब घेतल्याचा अभिमान छापून आला. ब्लॅकबर्नमध्ये त्या गोष्टीला काय म्हणतात, हे वाचण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

आणि बरी. हे मँचेस्टरजवळचे गाव, १९०० आणि १९०३ चे एफए कपचे विजेते, १८९४ पासून लीगचे सदस्य. २०१८-१९ मध्ये त्यांनी चौथ्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवून बढती घेतली. म्हणजे भाकीतकाराच्या तिन्ही निकषांवर नव्या मोसमात त्यांच्याविषयी काही ना काही लिहिता येत होते: नवागत, पैसा कमी, बहुधा तळाचे. कर्जाच्या तडजोडीमुळे त्यांचे बारा गुण आधीच कापले गेले होते. पण विसावा किंवा तेविसावा क्रमांक लिहायलाही संघ असावा लागतो. ऑगस्टमधले सामने एकामागून एक पुढे ढकलले गेले, कारण पैसे कुठून येणार याचा पुरावा मालकाला देता येईना. २७ ऑगस्ट २०१९ रोजी बरीला लीगमधून काढून टाकण्यात आले आणि ती श्रेणी त्या वर्षी तेवीस संघांवर खेळवली गेली. यादीच्या साच्यात यासाठी रकाना नव्हता, आजही नाही.

त्या दिवशी सकाळपासून गिग लेन मैदानावर पाठीराखे जमले होते. क्लब विकला जाईल आणि शनिवारी सामना होईल, या आशेवर ते खुर्च्या धूत होते आणि पायऱ्या झाडत होते. रात्री निर्णय आला तोवर बरेचसे मैदान स्वच्छ झाले होते.